बोटं सैल सोडा, मनगट उचला

मनगटाची ताकद तपासायला एक मिनिट पुरतं असा समज आहे. हात पुढे करायला सांगायचं, वरून जरा दाबायचं, ‘हं, ठीक आहे’ म्हणायचं आणि केसपेपरवर ताकदीचा ग्रेड ४/५ लिहून मोकळं व्हायचं. देवगड तालुक्यातल्या माझ्या छोट्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये असे केसपेपर घेऊन पेशंट येतात. मी तो आकडा वाचते, कागद बाजूला ठेवते आणि पहिल्यापासून सुरुवात करते. तपासणाऱ्यावर अविश्वास म्हणून असं करत नाही. हात टेबलावर होता की हवेत, दाब बोटांवर दिला की तळहाताच्या पाठीवर, त्या वेळी बोटं काय करत होती, यातलं काहीच त्या आकड्याशेजारी लिहिलेलं नसतं. मग तो आकडा घेऊन मी करू काय?

आमच्याकडे दुखावलेली मनगटं ठरलेल्या वाटांनी येतात. मार्च ते मे आंब्याच्या कलमांवरून पडलेले. माडा-पोफळींवरून पडणारे बारा महिने. पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्याच्या पायरीवरून घसरून हातावर आपटलेल्या साठीच्या पुढच्या बायका. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढणारे, चिरेखाणीवरचे, आणि अधूनमधून मुंबईहून गणपतीला येऊन स्कूटरवरून पडलेले चाकरमानी. प्रत्येकाचा प्रश्न एकच, हात पुन्हा कामाला लागेल ना? आणि प्रत्येकाचं काम वेगळं असल्यामुळे उत्तर कधीच एक नसतं.

एका काकांची गोष्ट जरा सविस्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. काका कलमावरून पडले, उजव्या दंडाचं हाड मधोमध मोडलं, ऑपरेशन करून प्लेट बसवली. जखम भरली, टाके निघाले, पण हात मनगटातून खाली लोंबत राहिला. दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून रेडियल नस जाते. मनगट आणि बोटं वर उचलणाऱ्या सगळ्या स्नायूंना तीच चालवते. हाड नेमकं तिथे मोडलं की नस ताणली किंवा चेमटली जाते. दंडाच्या मधल्या भागातल्या फ्रॅक्चरमध्ये साधारण दहात एखाद्याला हे होतं, आणि बहुतेकांची नस वेळ दिला की आपणहून सावरते. काकांना हे हॉस्पिटलात सांगितलेलं होतं, पण पटलेलं नव्हतं. त्यांची शंका तशी रास्त होती.

“मॅडम, बोटा हलतत मा? मग हात कित्याक वर येणा नाय?”

बोटं हलत होती हे खरंच. मूठ मिटवणारे स्नायू दुसऱ्या नसांवर चालतात, त्यांना काही झालेलं नव्हतं. बोटांची टोकंही थोडीफार सरळ होत होती, कारण ते काम तळहातातले छोटे स्नायू करतात आणि त्यांचाही रेडियल नसेशी संबंध नाही. घरच्यांना मात्र ‘बोटं हलतात म्हणजे नस चालू आहे’ एवढं पुरतं, आणि मग ते तीन आठवडे तेल चोळत बसतात.

मी आधी नेहमी चांगला हात तपासते. एक तर पेशंटला कळतं की काय करायचंय, आणि दुसरं म्हणजे मला त्याचं ‘नॉर्मल’ कळतं. मग दुखरा हात. कोपर थोडं वाकलेलं, हाताचा पुढचा भाग टेबलावर पालथा, पंजा टेबलाच्या कडेबाहेर. खाली टॉवेलची घडी. मी एका हाताने मनगटाच्या थोडं वर धरते, म्हणजे कोपरापासूनचा भाग जागचा हलत नाही. आणि मग दिवसातून पन्नासदा म्हणायचं वाक्य म्हणते, “बोटं सैल सोडा, मनगट उचला.”

बोटं सैल सोडणं हे यातलं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात अवघड. मनगट उचलणारे मुख्य स्नायू तीन. दोन अंगठ्याच्या बाजूने जाऊन तर्जनी आणि मधल्या बोटाच्या तळहातातल्या हाडांच्या मुळाशी चिकटतात, त्यांना एक्स्टेन्सर कार्पी रेडियालिस लाँगस आणि ब्रेव्हिस म्हणतात. तिसरा, एक्स्टेन्सर कार्पी अल्नारिस, करंगळीच्या बाजूने जातो. पण बोटं ताठ करणारे लांब स्नायूही मनगटावरूनच पुढे जातात, त्यामुळे ती ताठ करून उचललं की तेही ओढायला लागतात आणि मनगट आहे त्यापेक्षा बळकट दिसतं. बोटं किंचित मुडपलेली, मऊ, जणू झोपलेल्या माणसाची, अशी असतील तरच मनगटाचे स्नायू एकटे उघडे पडतात.

काकांनी जोर लावला. आधी खांदा वर आला. “खांदा नको, मनगट.” मग त्यांनी सगळा हात हळूच बाहेरच्या बाजूला फिरवला, तळहात वर आला आणि पंजा आपल्या वजनाने मागे पडला. सोबत आलेला मुलगा खूश. “इलो बघा हात!” मी पुन्हा पालथा ठेवला. आता काकांनी घट्ट मूठ वळली, आणि मनगट खरोखर बोटभर वर आलं. ही युक्ती मूठ वळण्याची असते. बोटं मिटली की त्यांच्या पाठीवरचे टेंडन, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, ताणले जातात आणि त्या ताणानेच मनगट थोडं उचललं जातं, उचलणारा स्नायू मेलेला असला तरी. मूठ सोडायला लावली तर त्यांनी मनगट आधी जोरात खाली वाकवलं आणि एकदम सैल सोडलं. उसळी येऊन पंजा क्षणभर वर आला आणि पुन्हा लोंबला.

यात काका फसवत नव्हते. डोक्याने ‘उचल’ म्हटलं की शरीर मिळेल त्या वाटेने उचलतं. फसायचं की नाही ते तपासणाऱ्याने ठरवायचं.

गुरुत्वाच्या विरुद्ध काही नाही म्हटल्यावर पुढची पायरी. हात आडवा, करंगळीची बाजू टेबलावर, अंगठा छताकडे. आता मनगट वर उचलायचं नाही, टेबलावरून बाहेरच्या बाजूला सरकवायचं, म्हणजे पंजाचं वजन आड येत नाही. इथे आमच्या हवेची एक अडचण आहे. एप्रिल-मे महिन्यात घामाने हात सनमायकाला असा चिकटतो की ग्रेड दोनचा स्नायूही हरतो. म्हणून माझ्या टेबलावर टाल्कम पावडरचा डबा असतो. पावडर टाकली, हात ठेवला. काही नाही.

मग शेवटची पायरी. तर्जनीच्या हाडाच्या मुळाशी, हाताच्या पाठीवर, माझी दोन बोटं अलगद टेकवली. पंखा बंद केला, मुलाला गप्प बसवलं आणि काकांना म्हटलं, “उचला.” हालचाल दिसत नसली तरी टेंडन बोटाखाली ताठ होतो का, एवढंच शोधायचं असतं. तिथे सगळं निपचित होतं. कोपराच्या पुढे बाहेरच्या बाजूला ब्रॅकिओरेडियालिस नावाचा स्नायू असतो. हात अर्धवट आडवा ठेवून कोपर वाकवायला लावलं की तो फुगतो. काकांचा फुगला नाही. कोपर सरळ करणारा ट्रायसेप्स मात्र पूर्ण जोरात होता. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या बेचक्यात, पाठीच्या बाजूला, कापूस फिरवला तर कळत नव्हता. म्हणजे ट्रायसेप्सच्या फांद्या सुटल्यानंतर, ब्रॅकिओरेडियालिसच्या फांदीच्या आधी नस अडली आहे. एक्स-रेवर प्लेट होती तिथेच. कागदावर मनगट एक्स्टेन्शन, ग्रेड शून्य. पण शेजारी हे सगळंही लिहिलं, कारण महिन्याने पुन्हा तपासताना मला त्या शून्यापेक्षा या चार ओळींचा उपयोग जास्त होता.

खरी मजा पुढे आली. काकांची मूठ. दोन बोटं त्यांच्या हातात दिली आणि दाबायला सांगितलं. पकड अगदीच लेचीपेची. त्यांना वाटलं, मूठही गेली. मी दुसऱ्या हाताने त्यांचं मनगट खालून आधार देऊन साधारण तीस अंश वर धरलं आणि म्हटलं, “आता दाबा.” माझी बोटं कळवळली. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “आता जोर इलो!” जोर आधीपासूनच होता. मनगट खाली पडलं की बोटं मिटवणारे स्नायू सैल पडतात, त्यांना ओढायला काही उरत नाही. मनगट थोडं वर असतानाच पकड सर्वात घट्ट बसते. दोन दिवसांपासून जे स्प्लिंट ते पिशवीतून काढायला तयार नव्हते, ते त्यांनी स्वतःहून बांधून घेतलं. कॉक-अप स्प्लिंट म्हणजे मनगट वर धरून ठेवणारा आधार. त्यामागचं कारण एवढंच, पण ते सांगून पटत नाही, दाखवावं लागतं.

लोंबलेल्या मनगटाची अजून एक फसवणूक आहे. त्या स्थितीत बोटं फाकवायला सांगितली तर तीही कमजोर वाटतात आणि कोणीतरी ‘अल्नर नसही गेली’ (बोटं फाकवणारी, करंगळीच्या बाजूची नस) असं लिहून टाकतं. पंजा टेबलावर सपाट ठेवून मग फाकवायला सांगावं. काकांची बोटं छान फाकली.

आता ग्रेडबद्दल, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. शून्य म्हणजे काहीच नाही. एक म्हणजे स्नायू फक्त चमकतो, सांधा हलत नाही. दोन म्हणजे वजन काढून घेतलं तर पूर्ण हालचाल. तीन म्हणजे गुरुत्वाविरुद्ध पूर्ण हालचाल, पण वरून काही दाब नाही. चार म्हणजे थोडा दाब दिला तरी टिकतो. पाच म्हणजे नॉर्मल. यात तीन हा प्रामाणिक ग्रेड आहे. पंजा पूर्ण वर आला की आला, पृथ्वीची ओढ देवगडात आणि दिल्लीत सारखीच. चार मात्र एसटीचं मागचं बाकडं आहे, कितीही बसवा, जागा होतेच. जेमतेम टिकणारंही चार आणि नॉर्मलपेक्षा किंचित कमी असणारंही चार. म्हणून लोक चार वजा, चार अधिक असं लिहितात, पण ‘थोडा’ दाब म्हणजे किती, हे शेवटी तपासणाऱ्याच्या दंडावरच ठरतं.

आणि माझे दंड हे माझ्या अडचणीचं मूळ. मी काही पैलवान नाही. मालवणकडचा एक रापणकर मनगटाजवळचं हाड मोडून, प्लास्टर काढून आला होता. हात पालथा, बोटं सैल, मनगट वर. मी पंजाच्या पाठीवर, बोटांच्या मुळांच्या अलीकडे हात ठेवला आणि म्हटलं, “धरून ठेवा, मला खाली ढकलू देऊ नका.” दाबलं. पूर्ण अंगाचा भार टाकला. मनगट तसूभर हललं नाही. नियमाने हा ग्रेड पाच. तो हसून म्हणाला, “मॅडम, तुमचो जोर काय आमका पुरणार?” पण मग तो इथे आलाच कशाला? रापणीचा दोर ओढताना हात सुटतो म्हणून.

त्याच्या दोन्ही हातांची पकड डायनॅमोमीटरवर घेतली. हे पकडीची ताकद मोजणारं हायड्रॉलिक यंत्र. खुर्चीत बसवायचं, दंड अंगाला लागून, कोपर काटकोनात, हात ना पालथा ना उताणा, मनगट सरळ किंवा किंचित वर. मुठीची जागा पाचपैकी दुसऱ्या खाचेत. दोन्ही हातांनी तीन-तीनदा दाबायचं आणि सरासरी घ्यायची. चांगला हात ४६ किलो, दुखरा २९. माझ्या हाताला जो फरक शून्य वाटला, तो दोरावर सतरा किलोचा होता. पकड म्हणजे मनगटाची ताकद नव्हे, पण मनगट धरून ठेवणारे स्नायू कमी पडले की पकडही घसरते. बळकट कामकरी माणसांत हाताने दाबून केलेली तपासणी तीनपर्यंत उत्तम आणि त्यापुढे अंदाजपंचे, या निष्कर्षाला मी याच किनाऱ्यावर आले. शहरात लॅपटॉपवाल्यांची मनगटं तपासत बसले असते तर कदाचित कधी आलेही नसते.

यंत्र सगळीकडे नेता येत नाही, आणि खाऱ्या हवेत त्याची काळजीही फार. घरी जाऊन तपासताना मी बीपीच्या यंत्राचा पट्टा गुंडाळी करून २० पर्यंत फुगवते आणि तो पिळायला लावते. काटा कुठवर जातो ते बघायचं. एकाच माणसाची मागच्या महिन्याशी तुलना करायला हे पुरतं. थेट मनगट उचलण्याची ताकद हवी असेल तर विमानाला सामान तोलायचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा वापरते. कापडी पट्टा पंजाच्या पाठीवर, काटा खाली अडकवलेला, मी हळूहळू ओढत जाते आणि मनगट खाली यायला लागलं की आकडा टिपते. यात एक पथ्य कडक पाळावं लागतं. पट्टा दर वेळी त्याच जागी. बोटांच्या मुळांकडे सरकला की तरफ लांब होते आणि तेच मनगट कमी आकडा दाखवतं. मी त्या जागी बॉलपेनने रेघ मारते आणि मनगटाच्या सुरकुतीपासून अंतर लिहून ठेवते.

दुखणं असेल तर आकडा वेगळाच वाचावा लागतो. दिवसभर विळीवर नारळ खवणाऱ्या बायकांना कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं, आपण सर्रास टेनिस एल्बो म्हणतो. त्यांचं मनगट दाबलं की झटकन सुटतं. ताकद असते, पण दुखतं म्हणून मेंदू ती वापरू देत नाही. तिथे मी ग्रेड न लिहिता ‘दुखल्यामुळे सोडलं’ एवढंच लिहिते.

प्राथमिक आरोग्य केंद्रांत मनगटाची आणखी एक तपासणी चालते, आणि तिचा साधेपणा मला फार आवडतो. कुष्ठरोगाच्या रुग्णांत नसा दुखावतात, म्हणून कर्मचारी ठराविक हालचाली तपासतात. करंगळी बाहेर, अंगठा वर, मनगट मागे, पाऊल वर. मनगट मागे म्हणजे रेडियल नस. ग्रेडही तीनच, बळकट, कमजोर, लुळं. सहा आकड्यांच्या बारकाव्यात न शिरता ‘गेल्या महिन्यात बळकट होतं, आता कमजोर आहे’ हे वेळेत कळणं तिथे मोलाचं असतं, कारण कमजोरी सहा महिन्यांच्या आतली असेल तर स्टेरॉइडने नस वाचण्याची शक्यता चांगली. रेडियल नस या आजारात तुलनेने कमी वेळा जाते, अल्नर जास्त. पण तपासायची मात्र सगळ्या.

आणि एका ठिकाणी मनगटाचा ग्रेड पुढचं सगळं आयुष्य ठरवतो. माडावरून पडून मानेला मार लागलेला एक तरुण मुलगा. पाय हलत नाहीत, बोटं हलत नाहीत. मणक्यांच्या दुखापतीत मानेतल्या सहाव्या नसेची पातळी ज्या हालचालीवरून ठरवतात, ती म्हणजे मनगट उचलणं. याचं मनगट उचललं जात होतं. दाब दिला की लगेच पडायचं, पण गुरुत्वाविरुद्ध पूर्ण वर यायचं. ग्रेड तीन. मनगट वर आलं की लांब टेंडन ताणले जाऊन बोटं आपोआप मिटतात, खाली सोडलं की उघडतात. बोटांत जीव नसताना या ओढीवर तो हलका ग्लास उचलू शकेल, टूथब्रश धरू शकेल. दोन असता तर हे सगळं स्प्लिंट आणि यंत्रांवर गेलं असतं.

त्याची आई रोज प्रेमाने त्याची बोटं पूर्ण सरळ करून ताणायची, तीही मनगट मागे वळवलेलं असताना. ते थांबवायला मला बराच वेळ समजवावं लागलं. ते टेंडन थोडे आखूडच राहायला हवेत, ते लांबले की ओढ संपते. बोटं सरळ करायची तर मनगट खाली वाकवून, आणि मनगट उचलायचं तर बोटं मिटलेली ठेवून. त्या माऊलीला हे क्रूर वाटलं असणार. नंतर मुलाने वाटी दोन्ही तळव्यांच्या मधे न धरता एका हातात धरली, तेव्हापासून ती मला सूचना देऊ लागली.

काकांकडे येते. नस साधारण दिवसाला एक मिलिमीटर वाढते, म्हणजे दंडाच्या मध्यापासून कोपराजवळच्या पहिल्या स्नायूपर्यंत पोहोचायला महिने लागतात. या काळात दर भेटीला तेच चार ओळींचं तपासायचं, आणि तेच ‘अजून नाही’ म्हणायचं. मधे त्यांना ईएमजी, म्हणजे स्नायूंतले विजेचे संकेत मोजणारी तपासणी, करायला फोंडा घाटातून कोल्हापूरला पाठवलं. रिपोर्टात नस जिवंत असल्याच्या खुणा होत्या, त्यामुळे ऑर्थोपेडिक सर्जनने थांबायचं ठरवलं. पावसाळा संपता संपता कोपर वाकवताना ब्रॅकिओरेडियालिस हाताला लागला. आधी हाच परत येतो, कारण त्याची फांदी सगळ्यात वर आहे. काकांना त्यात काही विशेष वाटलं नाही, मनगट कुठे उचलत होतं अजून! मी मात्र त्या दिवशी घरी सांगितलं.

मग तर्जनीच्या हाडाच्या मुळाशी ती चमक. एक. काही आठवड्यांनी पावडरवर मनगट सरकलं. दोन. आणि एके दिवशी पालथा हात खरंच वर आला, पण अंगठ्याच्या बाजूला तिरका होऊन. काका घाबरले, वाकडा का येतोय? कारण लाँगसची फांदी कोपराच्या वरून सुटते, तो लवकर जागा होतो. करंगळीच्या बाजूचा अल्नारिस खूप खालून, नसेच्या खोल फांदीवर, त्याची पाळी उशिरा येते. एक बाजू ओढते, दुसरी नाही, म्हणून हात तिरका. हा तिरकेपणा बघून मला बरंच वाटतं, कारण क्रम बरोबर चालल्याची ती खूण आहे. तो कमी होतोय की नाही हे बघायला मी दाब दोन वेगळ्या जागी देते. एकदा तर्जनीच्या बाजूच्या हाडावर, खाली आणि करंगळीकडे ढकलत. एकदा करंगळीच्या हाडावर, खाली आणि अंगठ्याकडे ढकलत. मधोमध दाबून दोन्हींचा हिशेब एकत्र करणं म्हणजे अर्धी माहिती फेकून देणं.

पुढचा आंबा मोहरला तेव्हा तर्जनीच्या बाजूने चार होतं, करंगळीच्या बाजूने तीन आणि चारच्या मधे. बोटंही सरळ होऊ लागली होती. काकांनी केसपेपर हातात घेऊन हिशेब मांडला. “पाचात चार. म्हणजे ऐंशी टक्के झाला मा?”

हा गैरसमज फक्त काकांचा नाही. चांगले शिकलेले लोकही ४/५ हे मार्कांसारखं वाचतात. मी सामानाचा काटा काढला. डाव्या हाताला मनगट उचलायला ११ किलोपर्यंत टिकलं, उजवं ५ ला खाली आलं. निम्म्याहूनही कमी, आणि काका उजव्या हाताचे. काकांनी काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“मगे ह्यो आकडो काढल्यान कोणी?”

मी सांगितलं की पोलिओच्या साथींच्या काळात अमेरिकेत बोस्टनला रॉबर्ट लव्हेट यांनी आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या विल्हेल्मिन राइट यांनी अशी हाताने तपासणी बसवली, राइटबाईंनी १९१२ मध्ये ती छापली. आपण वापरतो ती शून्य ते पाचची मांडणी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची, दुसऱ्या महायुद्धात नसा तुटलेल्या सैनिकांसाठी केलेली. लुळेपणातून स्नायू परत येतोय का, हे बघायला ती उत्तम. आंबा उतरवायची घळ पेलेल का, हे सांगायला ती केलेलीच नाही.

काकांना युद्धात रस नव्हता, त्यांना घळीशी मतलब. आंबा उतरवायची ती जाळी लावलेली बांबूची लांब काठी, टोकाला आंबा आला की त्याचा आणि काठीचा सगळा तोल मनगटांवर येतो, आणि काठी जितकी लांब तितका तो भार मोठा. मी नको म्हटलं. ते म्हणाले, बागेत बसून काय करू? थोडी घासाघीस झाली. ठरलं ते असं. कलमावर चढायचं नाही. या हंगामात पेट्या भरायच्या, आंबा निवडायचा, त्यात बोटांना आणि मनगटाला हलका व्यायाम आपसूक होतो. घळ धरायचीच तर सहा फुटांची, दोन्ही हातांनी, डावा हात खालून आधाराला, आणि फक्त खालच्या फांद्यांपुरती. लांब काठी मुलाच्या हातात. पेट्या मुंबईला गेल्या की पुन्हा काट्यावर.